क्लब विकत घेतला म्हणजे नेमकं काय विकत घेतलं?

ब्लॅकबर्न रोव्हर्स या इंग्लिश फुटबॉल क्लबची घसरण सुरू झाली की दोन देशांत एकच भांडण दोन तऱ्हांनी पेटतं. तिकडे लँकेशायरमधले चाहते म्हणतात, पुण्याच्या कोंबडीवाल्यांनी (म्हणजे मालक असलेल्या व्यंकीज समूहानं) आमचा क्लब बुडवला, त्यांनी चालतं व्हावं. इकडे आपल्याकडचं उत्तर तयारच असतं: दीडशे-दोनशे वर्षं आपल्यावर राज्य केलं, आता भारतीय माणूस मालक झाला तर यांच्या पोटात दुखतं. दोन्ही बाजू ‘मालक कोण’ या एकाच खुंटीला बांधल्यासारख्या गोल फिरतात. मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला दिसतो. मालक पुण्याचा आहे की तिथल्याच शेजारच्या प्रेस्टनचा, त्याची थैली केवढी, हे पुढचे प्रश्न. शेअर विकत घेणाऱ्याला एकट्याला काय काय करता येतं, हा पहिला प्रश्न, आणि इंग्लंडमध्ये अगदी अलीकडेपर्यंत त्याचं उत्तर ‘जवळपास सगळं’ असं होतं. क्लबचं नाव, रंग, मैदान आणि आपला क्लब चालवतंय कोण हे कळण्याचा हक्क, एवढ्या गोष्टी विक्रीच्या बाहेरच असल्या पाहिजेत. मग मालक कुठूनही येवो.

आधी व्यवहार पाहू. नोव्हेंबर २०१० मध्ये व्यंकीज समूहानं या कामासाठी काढलेल्या लंडनमधल्या कंपनीमार्फत ब्लॅकबर्नचे जवळजवळ सगळे शेअर २ कोटी ३० लाख पौंडांना घेतले आणि क्लबच्या डोक्यावरचं कर्जही आपल्याकडे घेतलं. प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडमधला सगळ्यात वरचा स्तर. तिथला क्लब या किमतीत म्हणजे स्वस्तच. पण या रकमेत आलं काय? खेळाडूंचे करार, ईवूड पार्क हे ३१ हजारांवर प्रेक्षक बसतील असं मैदान, प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला वाटा, लीगमधली जागा. ताळेबंदात एवढंच दिसतं. १८७५ साली स्थापन झालेला, १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापकांपैकी एक, सहा वेळा एफए कप जिंकलेला हा क्लब. १९९५ मध्ये जॅक वॉकर या गावच्याच पोलाद व्यापाऱ्याच्या पैशावर त्यानं प्रीमियर लीग जिंकली. कापसाच्या गिरण्या बंद पडल्यावर या गावाकडे अभिमानानं सांगण्यासारखं जे उरलं, त्यात हा क्लब वरच्या ओळीत येतो. या सगळ्याची किंमत कोणत्या रकान्यात धरली होती? कुठल्याच नाही. तरी शेअरांबरोबर तेही नव्या मालकाच्या हाती गेलं, कारण ते वेगळं काढून ठेवण्याची सोयच कायद्यात नव्हती.

पुढे जे झालं ते आपल्याकडे ‘संघ हरायला लागला म्हणून लोक चिडले’ एवढ्यावर आटोपलं जातं. क्रम नीट पाहायला हवा. खरेदीला महिनाही झाला नव्हता तेव्हा, १३ डिसेंबर २०१० ला, प्रशिक्षक सॅम अलार्डाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता, बुडत नव्हता. त्यांच्या जागी आलेल्या स्टीव्ह कीन यांना मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नव्हता. वर्षानुवर्षं काटकसरीनं क्लब सांभाळणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स काही आठवड्यांत बाहेर पडले. ७ मे २०१२ ला घरच्या मैदानावर विगनकडून ०-१ हरून संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्याच सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. ते चित्र जगभर गेलं आणि त्याबरोबर वादाचा सूरही ठरून गेला. कोंबडी सगळ्यांच्या लक्षात राहिली, तिच्यामागचा प्रश्न राहिला नाही.

तो प्रश्न सगळ्यात स्वच्छ दिसतो तो एका कोर्टाच्या प्रकरणात, म्हणून त्यावर थोडं थांबतो. ३१ ऑक्टोबर २०१२ ला हेनिंग बर्ग यांना तीन वर्षांच्या करारावर प्रशिक्षक नेमलं. दहा सामन्यांत एक विजय, आणि ५७ दिवसांनी त्यांना घरी पाठवलं. करारात लिहिलं होतं की मुदतीआधी काढल्यास उरलेल्या काळाचा मूळ पगार द्यायचा. हा हिशेब २२ लाख ५० हजार पौंडांवर गेला. क्लबनं आधी हे देणं कबूल केलं, मग फिरवलं. आणि फिरवताना कोर्टात मांडलेला मुद्दा काय होता? असा करार करण्याचा अधिकार आमच्या व्यवस्थापकीय संचालकांना नव्हताच! एप्रिल २०१३ मध्ये उच्च न्यायालयानं तो मुद्दा फेटाळला आणि पूर्ण रक्कम द्यायला लावली. पैशाचं सोडा. क्लबच्या सर्वोच्च पगारी अधिकाऱ्यानं सही केली, आणि क्लबच म्हणतो की त्याला सहीचा अधिकार नव्हता. मग अधिकार होता कुणाला? ज्यांनी वर्षाचं तिकीट आगाऊ काढलं, त्यांना हे कोर्टात उघड झालं तेव्हा कळलं. त्या एका मोसमात कीन, बर्ग आणि मायकेल ॲपलटन असे तीन कायम प्रशिक्षक गेले. हजारो मैलांवरून, कधी फोनवर, कधी सल्लागारामार्फत निर्णय यायचे आणि ते नेमके कुणाचे, हे खुद्द क्लबमधल्या माणसांनाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

ही ढिलाई एकदाच झाली असती तर सोडून दिली असती. जानेवारी २०२३ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या लुईस ओब्रायनला उसना घेण्याचं ठरलं, पण कागद मुदतीत पोचले नाहीत आणि नोंदणी नाकारली गेली. वर्षभरानं, खेळाडू घेण्याच्या पुढच्याच हिवाळी मुदतीत, अमेरिकेतल्या डंकन मॅग्वायरचा करार पुन्हा कागदांच्याच घोळात फिसकटला. खेळाडूची नोंदणी म्हणजे काही रॉकेटविज्ञान नाही. करार, वैद्यकीय तपासणी, लीगचा अर्ज, परदेशी खेळाडू असेल तर कामाचा परवाना आणि आंतरराष्ट्रीय दाखला, एवढं रात्री अकराच्या आत चढवायचं. हे लागोपाठ दोन वर्षं चुकतं तेव्हा खालच्या कारकुनाला दोष देऊन भागत नाही. बहुतेक वेळा वरून होकार उशिरा आलेला असतो, म्हणून खालच्याला शेवटच्या मिनिटात धावावं लागतं.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. ते लेचेपेचे नाहीत.

पहिला पैशाचा. व्यंकीजनं या क्लबमध्ये आजवर २० कोटी पौंडांहून अधिक ओतले आहेत. २०१२ मध्ये खाली गेल्यावर लगेच जॉर्डन ऱ्होड्ससाठी ८० लाख पौंड मोजले. २०१७ मध्ये संघ तिसऱ्या स्तरावर घसरला (प्रीमियर लीग जिंकल्यानंतर एकही क्लब त्याआधी इतका खाली गेला नव्हता), तरी मालक पळून गेले नाहीत, आणि टोनी मोब्रे यांच्या हाताखाली वर्षभरात संघ परत वर आला. चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या स्तरावर, बहुतेक क्लब दरसाल तोट्यात चालतात, हेही खरं. मालकानं खिशात हात घातला नाही तर काय होतं, हे मँचेस्टरजवळच्या बरी या गावच्या लोकांना विचारा. १८८५ चा क्लब, डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला, घेणारा पैसे कुठून आणणार याचा समाधानकारक पुरावा लीगला शेवटपर्यंत मिळाला नाही, आणि २७ ऑगस्ट २०१९ ला बरीला लीगमधून काढून टाकलं. ब्लॅकबर्नवर ती वेळ आली नाही, आणि याचं श्रेय मालकांच्या पैशाला दिलंच पाहिजे. जे चाहते हे नाकारतात ते आपलीच बाजू लंगडी करतात.

पण हाच मुद्दा पुढे नेला तर तो उलटा फिरतो. सगळा क्लब एकाच नळाच्या पाण्यावर असेल तर तो नळ अडल्यावर काय? २०२३ नंतर तेच झालं. भारतातल्या चौकशीमुळे मालकांना क्लबला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, बँक हमी ठेवावी लागली. त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२४ मध्ये, ॲडम व्हॉर्टन हा ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, वयाच्या सहाव्या वर्षापासून क्लबच्या अकादमीत घडलेला मिडफिल्डर १ कोटी ८० लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. काही महिन्यांत तो युरो स्पर्धेसाठीच्या इंग्लंडच्या संघात होता. दुसरं असं की चॅम्पियनशिपच्या नियमांनी मालकाच्या दानशूरपणालाही मर्यादा घातली आहे. तीन वर्षांत एकूण तोटा ३ कोटी ९० लाख पौंडांच्या पुढे गेला की कारवाई होते. म्हणजे चुकीचे निर्णय घ्यायचे आणि ते पैशानं भरून काढायचे, हा रस्ता मुळातच बंद आहे. ब्लॅकबर्नला २०१५ मध्ये जवळजवळ वर्षभर खेळाडू खरेदीवर निर्बंध सोसावे लागले ते तोट्याच्या मर्यादेच्या तेव्हाच्या नियमामुळेच. पैसा आणि कारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली दिली म्हणून दुसरीवर बोलायचं नाही, हे म्हणणं कुठल्या गृहनिर्माण सोसायटीतसुद्धा कुणी चालू देणार नाही.

दुसरा मुद्दा वंशद्वेषाचा. तो साफ खोटा आहे असं मी म्हणणार नाही. मालकांच्या रंगावरून, देशावरून, धंद्यावरून गलिच्छ बोललं गेलं आहे आणि त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण रागाचं मूळ तेच असतं तर त्याच लँकेशायरमधल्या ब्लॅकपूलचं काय करायचं? तिथला मालक इंग्लिश, आणि कुटुंब तिथलंच. क्लब २०१०-११ मध्ये प्रीमियर लीगमध्ये खेळला, तो पैसा आला, आणि पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयानंच निकाल दिला की ऑयस्टन कुटुंबानं क्लबमधून अयोग्य रीतीनं पैसा काढला. भागीदाराला ३ कोटी १० लाख पौंडांवर द्यायला लावलं. त्याआधी मालकांनी आपल्याच चाहत्यांवर इंटरनेटवरच्या मजकुरासाठी दावे ठोकले होते. ब्लॅकपूलच्या हजारो लोकांनी चार वर्षं घरच्या मैदानात पाऊल टाकलं नाही. आता उलट टोक पाहा. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी निधीच्या पुढाकारानं न्यूकॅसल युनायटेड ३० कोटी ५० लाख पौंडांना घेतला गेला तेव्हा तिथले लोक अरबी शिरोवस्त्रं बांधून रस्त्यावर नाचले. परका मालक म्हणून राग येतो, या सिद्धांतात हे कुठे बसतं?

न्यूकॅसलचं उदाहरण चाहत्यांच्याही विरोधात जातं, आणि ते जाऊ द्यायला हवं. त्या आनंदात सौदी राजवटीच्या मानवाधिकारांचे प्रश्न फार थोड्यांनी विचारले. आधीच्या मालकानं २०११ मध्ये मैदानाचं नाव बदलून आपल्या दुकानांच्या साखळीचं दिलं होतं, त्या अपमानाची आग इतकी होती की पुढचा कोण, हे पाहायची कुणाची मनःस्थिती नव्हती. ब्लॅकबर्नमध्ये जॅक वॉकरही एकहातीच कारभार करत होते. तेव्हा जिंकत होते, म्हणून कुणी तक्रार केली नाही. चाहत्यांनी चांगला राजा आणि वाईट राजा असा हिशेब मांडला आणि राजेशाहीबद्दल अवाक्षर काढलं नाही. वॉकर २००० साली वारले आणि दहा वर्षांत विश्वस्तांनी क्लब विकायला काढला. त्यांच्या काळातच मैदानाबद्दल, कारभाराबद्दल चार ओळींचा बंधनकारक करार झाला असता, तर २०१० च्या खरेदीदाराला तो पाळावा लागला असता.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो: चाहत्यांच्या हाती क्लब दिला तर तेही तो बुडवतील. बार्सिलोनाचे मालक त्याचे सभासदच आहेत, आणि २०२१ मध्ये त्या क्लबचं एकूण देणं एक अब्ज युरोंच्या वर होतं. एब्सफ्लीट युनायटेड हा छोटा इंग्लिश क्लब २००८ मध्ये इंटरनेटवरच्या हजारो सभासदांनी वर्गणी काढून घेतला. उत्साह ओसरला, वर्गणीदार गळाले, पाच वर्षांत प्रयोग आटोपला. जर्मनीत मूळ संस्थेकडे निम्म्याहून एक मत जास्त ठेवण्याचा नियम आहे, तर लाइपझिगच्या क्लबमध्ये मतदानाचा हक्क असलेले सभासदच मूठभर ठेवून त्याला वळसा घातला गेला.

हे सगळं मान्य. पण मी क्लब चाहत्यांनी चालवावा असं म्हणतच नाही. कोणता प्रशिक्षक, कोणता खेळाडू, किती पगार, हे मतदानानं ठरायला लागलं तर संघ डिसेंबरपर्यंतही टिकणार नाही. मागणी आहे ती मोजक्या विषयांवर नकाराधिकाराची, आणि ती कशी चालते हे ब्रेंटफर्डनं दाखवून दिलं आहे. पश्चिम लंडनचा हा क्लब २००६ पासून चाहत्यांच्या संस्थेकडे होता. २०१२ मध्ये त्यांनी तो मॅथ्यू बेनम यांना विकला, मात्र एक विशेष शेअर स्वतःकडे ठेवला. या शेअरला नफ्यात वाटा नाही, रोजच्या कारभारात आवाज नाही. मैदान विकायचं तर मात्र त्याची संमती लागते. बेनम यांनी आपला पैसा घातला, खेळाडू निवडण्याची आपली पद्धत आणली, २०२० मध्ये नवं मैदान झालं, २०२१ मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये गेला. त्या एका शेअरनं गुंतवणूकदार पळाला का? नाही. उलट नवं मैदान होताना लोकांचा विश्वास त्याच्या मागे होता.

कार्डिफ आणि हल यांची तुलनाही इथे करावी. २०१२ मध्ये कार्डिफ सिटीच्या मालकानं शंभर वर्षांचा निळा रंग बदलून लाल केला. रंगावर कुणाचा नकाराधिकार नव्हता, म्हणून तो बदलला. निळा परत यायला जानेवारी २०१५ उजाडला. हल सिटीच्या मालकाला क्लबचं नाव ‘हल टायगर्स’ करायचं होतं. नाव बदलायला फुटबॉल असोसिएशनची मंजुरी लागते, असोसिएशननं २०१४ मध्ये ‘नाही’ म्हटलं, मालक लवादाकडे गेल्यावर २०१५ मध्ये पुन्हा ‘नाही’ म्हटलं, आणि नाव बदललं नाही. दोन्हीकडे परदेशात जन्मलेले, खिसा सैल सोडणारे मालक, दोन्हीकडे संतापलेले चाहते. फरक होता एका नियमाचा.

असा नियम नसेल तर लोकांच्या हातात काय उरतं? बहिष्कार. तो वाटतो तेवढा सोपा नाही. तिकीट घेतलं नाही की तोटा आधी क्लबला होतो, मालकाला नंतर. संघ दुबळा होतो, लहान मुलांची मैदानाची सवय तुटते, आणि मालक तुटीकडे बोट दाखवून म्हणतो, पाहा, मीच हा क्लब जगवतोय. ब्लॅकपूलचा बहिष्कार यशस्वी झाला म्हणतात, पण मालक हटले ते भागीदारानं जिंकलेल्या दाव्यामुळे. वसुलीसाठी कोर्टानं फेब्रुवारी २०१९ मध्ये रिसीव्हर (मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी) नेमला तेव्हा. बहिष्कारानं प्रश्न जिवंत ठेवला, सुटला तो कायद्यानं. विम्बल्डनच्या लोकांनी तर त्याहून कठीण वाट धरली. २००२ मध्ये त्यांचा क्लब ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली. त्यांनी त्याच उन्हाळ्यात नवा क्लब काढून नवव्या स्तरापासून सुरुवात केली, २०११ मध्ये वरच्या चार स्तरांच्या लीगमध्ये पोचले, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाउ लेनवर, म्हणजे आपल्या मूळ भागात, परतले. अठरा वर्षं. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं, पण एक मैदान राखायला दोन पिढ्यांना एवढं झिजावं लागणं, ही व्यवस्था म्हणून शरमेची गोष्ट आहे.

इंग्लंडला हे कळायला एप्रिल २०२१ यावा लागला. सहा बड्या क्लबांच्या मालकांनी परस्पर सुपर लीगची, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेची, घोषणा केली, लोक रस्त्यावर आले आणि दोन दिवसांत सहाही क्लब मागे फिरले. त्यातून चौकशी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा आला. पहिल्या पाच स्तरांतल्या क्लबांना आता स्वतंत्र नियामकाचा परवाना लागेल. मैदान विकायला किंवा हलवायला त्याची मंजुरी, बोधचिन्ह आणि घरच्या पोशाखाचे रंग बदलायला चाहत्यांचा कौल, मोठ्या निर्णयांवर चाहत्यांशी नियमित चर्चा. मला यात एक उणीव दिसते. चर्चा करावी लागेल, पण क्लबमध्ये सहीचा अंतिम अधिकार कुणाचा, हे बर्ग प्रकरणासारखं अंधारात राहू नये म्हणून तो दरवर्षी जाहीर व्हायला हवा. नियामकानं परवान्याच्या अटींत हे घालावं.

पुण्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. व्यंकीज उभा करणाऱ्या बी. व्ही. राव यांनी १९८० च्या दशकात अंडी उत्पादकांना एकत्र आणलं ते कोणत्या विचारावर? अंड्याचा भाव व्यापारी ठरवतो आणि बुडतो शेतकरी, तर भाव शेतकऱ्यानंच ठरवावा. आजही राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे भाव रोज जाहीर होतात ते त्यातूनच. ज्याला निर्णयाची झळ बसते त्याचा निर्णयात शब्द असावा, हे तत्त्व या घराला ब्लॅकबर्नकडून शिकावं लागू नये. आणि ब्लॅकबर्नला खेटून असलेल्या डार्वेनमध्ये सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी गेले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्कारानं जिथले गिरणी कामगार बेकार झाले, त्यांच्यासमोर ते स्वतः जाऊन बसले. त्यांनी बहिष्कार मागे घेतला नाही, पण लोकांना तोंड दिलं, आपली बाजू सांगितली, त्यांची ऐकली. वर्षानुवर्षं ईवूड पार्ककडे न फिरकलेल्या मालकांकडून त्या गावाची पहिली अपेक्षा एवढीच होती.

आपल्याकडे हा प्रश्न नाही, असं समजू नये. महिंद्र युनायटेड २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा संघ, २०१० मध्ये कंपनीनं बंद केला. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. गोव्यात २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाच वेळचा राष्ट्रीय विजेता धेंपो यांनी आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा सोडली. त्यांची लीगच्या रचनेबद्दलची तक्रार रास्त होती, तरी निर्णय मालकांच्या बैठकीत झाला. बालेवाडीत ढोल वाजवणाऱ्या पोरांना किंवा फातोर्ड्याच्या गॅलरीत वडिलांबरोबर येणाऱ्यांना विचारण्याची कुणाला गरज वाटली नाही, आणि विचारायचं ठरवलं असतं तरी कुणाला विचारणार होते? त्यांची नोंदलेली संस्थाच नव्हती. कोलकात्यात ती होती. २०२० मध्ये मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचे ऐंशी टक्के नव्या मालकांकडे गेले आणि नावापुढे ‘एटीके’ हे त्या मालकांच्या आधीच्या संघाचं नाव लागलं. पण १९११ ची आयएफए शिल्ड स्पर्धा जिंकलेला जुना सभासद क्लब शिल्लक होता, त्याच्याकडे वीस टक्के होते, त्याच्या निवडणुका होत होत्या, आणि मैदानात, रस्त्यावर, सभांमध्ये ‘एटीके हटवा’ ही एकच मागणी तीन वर्षं चालू राहिली. २०२३ मध्ये ती तीन अक्षरं निघाली. महाराष्ट्रात पुढचा क्लब निघेल तेव्हा पहिल्या मोसमाच्या तिकिटांबरोबरच चाहत्यांची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवून घ्यावी, आणि क्लबच्या घटनेत तिच्या नावे एक विशेष शेअर लिहून घ्यावा. हे काम क्लब नवा असताना, मालकाला गर्दी हवी असतानाच होतं.